नागपुरात रायफलची काडतुसे घेताना: सरप्लस पावडर, डब्यातली पावडर आणि आपल्या हाती येणारा लॉट

रायफल नेमबाजीत नुकती उतरलेली पोरं महिना-दोन महिन्यांत अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघायला लागतात. गॅरेजमधल्या टेबलावर काडतुसं घरी भरायचा प्रेस बसवलेला, बाजूला तराजू आणि पावडरचे डबे, आणि सरप्लसची, म्हणजे सैन्याकडून उरलेली, पावडर आपल्याला किती स्वस्तात पडली हे रंगवून सांगणारे एक काका. मग रेंजवर प्रश्न येतो, "दादा, ही पावडर आपल्याकडे कुठे मिळते? ऑर्डनन्स फॅक्टरी तर आपल्या अंबाझरीतच आहे."

मिळत नाही, आणि ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून घ्यायची नाही. पण अमेरिकेतला सरप्लस विरुद्ध दुकानी पावडर हा वाद समजून घेण्यासारखा आहे. त्यातले प्रश्न तेच आहेत जे आपण तयार काडतुसांच्या खोक्याबद्दल विचारायला हवेत आणि विचारत नाही: माल कुठून आला, कोणत्या लॉटचा (कारखान्यातून एका वेळी निघालेल्या खेपेचा), आणि मधली वर्षं कुठे पडून होता.

आधी बघा, तुमच्या रायफलीला पावडर लागते का

नागपुरात सुरुवात करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात पहिल्यांदा .१७७ ची एअर रायफल येते. त्यात दारूच नसते, हवेवर छर्रा सुटतो. २० जूलच्या आतली ऊर्जा आणि .१७७ पर्यंतचा बोअर (नळीचा व्यास) असेल तर २०१६ च्या आर्म्स रुल्सप्रमाणे तिला लायसन्सही लागत नाही.

पुढची पायरी .२२ ची. इथे पावडर आहे, पण रिलोडिंग, म्हणजे उडालेलं काडतूस घरी परत भरणं, नाही. या काडतुसात प्रायमरचं, म्हणजे आघाताने पेटणारं, मिश्रण केसच्या (पितळी खोळीच्या) काठातच भरलेलं असतं आणि पिन त्या काठावर आपटते. काठ चेपला की ती केस संपली, घरी परत भरण्यासारखी राहत नाही. अमेरिकेतही .२२ वाले तयार खोकेच घेतात.

उरली सेंटरफायर, म्हणजे प्रायमर बुडाच्या मध्यभागी असलेली काडतुसं. आपल्याकडे सामान्य माणसाच्या लायसन्सवर .३१५ किंवा वारशाने आलेली .३०-०६ असते. .३०३ आणि ७.६२ लष्करी बोअर म्हणून बंदीच्या यादीत, ते डोक्यातून काढून टाका. रिलोडिंगचा सगळा खटाटोप या सेंटरफायर काडतुसांचा आहे. म्हणजे दहातल्या नऊ नवख्यांना सुट्या पावडरीचा विचार करण्याचं आज काही कारणच नाही. तरी पुढचं वाचा, कारण उरलेला एक जण सोबतच्या नऊ जणांना सल्ला देत फिरतो.

सरप्लस आणि दुकानी पावडर: फरक नेमका कुठे आहे

आताच्या रायफलच्या काडतुसात असते ती धूरविरहित पावडर. मूळ घटक नायट्रोसेल्युलोज. काही प्रकारांत सोबत नायट्रोग्लिसरीनही. गंधक, कोळसा आणि सोरा यांची जुनी काळी दारू ही पूर्णपणे वेगळी वस्तू आहे. काळ्या दारूच्या जागी धूरविरहित पावडर भरली तर बंदूक फुटू शकते.

धूरविरहित पावडर किती वेगाने जळते यावर सगळं ठरतं. दाण्याचा आकार, लांबी, वरचा लेप, मिश्रणातलं प्रमाण, या सगळ्यावर तो वेग अवलंबून असतो आणि कारखान्यातली प्रत्येक घाणी दुसरीपेक्षा थोडी वेगळी उतरते. भिवापुरी मिरची दरवर्षी सारखीच तिखट निघत नाही, म्हणून जाणती बाई यंदाची मिरची चाखून रश्श्यातलं प्रमाण ठरवते. काडतुसांचा कारखाना पावडरीचं तेच करतो: नवा लॉट आला की दाब मोजणाऱ्या चाचणी-नळीतून काडतुसं उडवून बघतो आणि त्या लॉटपुरतं वजन बांधून घेतो.

घरी भरणाऱ्याकडे दाब मोजायचं यंत्र नसतं. म्हणून दुकानात डब्यातून विकायची पावडर कंपनी आधीच वेगवेगळे लॉट मिसळून एका ठरलेल्या मर्यादेत आणते. किती वजनाची पावडर भरायची हे सांगणाऱ्या छापील तक्त्यातला आकडा या डब्याला लागू पडतो तो याच जोरावर. डब्याची जास्तीची किंमत त्या मिसळणीची आणि तपासणीची असते.

सरप्लसला ही हमी नाही. सैन्यासाठी बनवलेली आणि उरलेली पावडर, किंवा जुनी काडतुसं उकलून त्यांतून काढलेली पावडर, या नावाखाली विकली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी सरकारकडून ४८९५ ही उरलेली पावडर विकत घेतली आणि शिकाऱ्यांना विकायला सुरुवात केली. आज त्या नावाची मोठी कंपनी आहे. २० मिलिमीटर तोफांच्या गोळ्यांतून निघालेली ४८३१ त्याच वाटेने बाजारात आली. स्वस्त होती, भरपूर होती, चालली.

पण त्याच ४८३१ ने एक कायमचा घोळ घालून ठेवला. पुढे दुसऱ्या कंपनीने त्याच आकड्याची आपली पावडर काढली, ती जास्त वेगाने जळते. हॉजडनची एच ४८३१ त्यामानाने संथ. संथ पावडरीच्या तक्त्यातलं भरगच्च वजन वेगवान पावडरीचं घातलं तर दाब मर्यादेबाहेर जातो. डब्यावरचा आकडा एकच, आत माल दोन स्वभावांचा. सरप्लसच्या पिशवीवर तर कधी कधी हा आकडा फक्त मार्करने लिहिलेला असतो.

लष्करी गोल दाण्याच्या पावडरींचंही तसंच. डब्ल्यूसी ८४४ म्हणजे दुकानातली एच ३३५ आणि डब्ल्यूसी ८४६ म्हणजे बीएल-सी २, असं सर्रास सांगितलं जातं. कूळ एक आहे, हे खरं. पण लष्करी मालाचा प्रत्येक लॉट वेगळा आणि उकलून काढलेल्या मालात दोन-चार लॉट एकत्र झालेले असण्याची शक्यता असते. तिथले अनुभवी लोक अशी पावडर घेतली तर लॉट नंबर लेखी घेतात, एकदम मोठा डबा घेऊन पूर्ण त्याच लॉटवर राहतात, तक्त्यातल्या सगळ्यात कमी वजनापासून सुरू करतात आणि क्रोनोग्राफवर वेग बघत हळूहळू वर जातात. हे वाचून तुम्हाला वाटत असेल की इतकी मेहनत करायची तर वाचलं काय? मलाही तेच वाटतं. वर्षाला हजारोंनी राउंड उडवणाऱ्याला परवडतं, बाकीच्यांनी सीलबंद डबा घ्यावा.

वयाचा मुद्दा याहून गंभीर. नायट्रोसेल्युलोज सावकाश का होईना, विघटन पावत राहतो आणि त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात. ते शोषून घ्यायला पावडरीत डायफिनाइलअमाइनसारखं स्थिरक घातलेलं असतं. ते संपत आलं की विघटन स्वतःलाच वेग देतं आणि साठा गरम होऊन आपोआप पेटू शकतो. चांगल्या पावडरीला इथर-स्पिरिटसारखा हलका वास असतो. बिघडलेलीचा वास आंबट, नाकात झोंबणारा, डब्याच्या आत गंजासारखी तांबूस धूळ, कधी तपकिरी-लालसर वाफ. अशा डब्याला परीक्षा करायला नाक लावून बसू नका. झाकण उघडताच हे जाणवलं तर निर्णय तिथेच झाला.

आता आपल्या कायद्याकडे

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये ॲम्युनिशनच्या व्याख्येत नुसती तयार काडतुसं नाहीत. बंदुकीत भरायचे चार्ज, काडतुसाचे भाग, ते बनवायची यंत्रसामग्री, आणि केंद्र सरकार अधिसूचित करेल ते घटक, हे सगळं त्यात येतं. कलम ५ प्रमाणे ॲम्युनिशन बनवायला आणि विकायला वेगळं लायसन्स लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीची शिक्षा किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. "मी तर माझ्याच रायफलीसाठी भरत होतो" हे वाक्य कोर्टात ऐकायला गोड वाटणार नाही.

पावडर म्हणून पाहिलं तर ती १८८४ च्या विस्फोटक अधिनियमाखाली आणि २००८ च्या विस्फोटक नियमांखाली येते. त्या नियमांत काळी दारू पहिल्या वर्गात, नायट्रो संयुगं तिसऱ्या वर्गात आणि तयार ॲम्युनिशन सहाव्या वर्गात आहे. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम अँड एक्सप्लोझिव्ह सेफ्टी ऑर्गनायझेशनचं, देशाचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर, सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये आहे. जुने लोक अजूनही त्याला एक्सप्लोझिव्ह डिपार्टमेंट म्हणतात. कुणी दुकानदार "सुट्या पावडरीला काही लागत नाही" म्हणाला तर त्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. लायसन्स देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबा.

तुमचं स्वतःचं लायसन्स कुठून? शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी. कामठी, हिंगणा किंवा कळमेश्वर रस्त्याला राहत असाल तर तुमचं पोलीस ठाणं शहरात मोडतं की ग्रामीणमध्ये, हे आधी विचारून घ्या. चुकीच्या खिडकीत फाइल पडली की महिने जातात. अर्ज ए-१ नमुन्यात. सोबत शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. खेळाडू म्हणून अर्ज करत असाल तर रायफल संघटनेचं सदस्यत्व आणि स्पर्धांचे गुणपत्रक जपून ठेवा. ओळखीच्या माणसाकरवी काम लवकर होतं असं सांगणारे भेटतील. फाइल पूर्ण असेल तर त्यांची गरज पडत नाही, अपूर्ण असेल तर त्यांचाही उपयोग होत नाही.

लायसन्स हाती आलं की सगळ्यात आधी काडतुसांचे दोन आकडे बघा: एका वेळी जवळ किती ठेवता येतील आणि वर्षभरात किती घेता येतील. खरेदीचं सगळं गणित या दोन आकड्यांत बसवायचं आहे. ते पुरत नसतील तर वाढवून मागायचा रस्ता आहे. मित्राच्या लायसन्सवर उचलायचा रस्ता नाही. क्लबच्या लायसन्सवरच्या रायफलीने रेंजवर सराव करत असाल तर काडतुसंही तिथल्या नोंदवहीत चढवून घ्या. उरलेला एकही राउंड खिशात घालून घरी आणायचा नाही.

"फॅक्टरीतून काढून देतो" म्हणणारा

नागपूर आणि आसपासचा पट्टा दारूगोळ्याचाच आहे, राजेहो. अंबाझरीला ऑर्डनन्स फॅक्टरी, भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, चंद्रपूरकडे भद्रावतीची चांदा फॅक्टरी, वर्ध्याकडे पुलगावचा डेपो, शिवाय अमरावती रोडवर खाजगी कारखाने. त्यामुळे चहाच्या टपरीवर कुणीतरी "आपला माणूस आहे आत" असं सांगणारा भेटतोच. अंबाझरीला मुळात तोफगोळ्यांची धातूची कवचं आणि तसलाच माल होतो, रायफलची पावडर नाही. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या, त्यात ती यंत्र इंडियाकडे गेली. भंडारा, चांदा, खडकी, वरणगाव हे म्युनिशन्स इंडियाकडे. त्या माणसाला हे माहीत नसेल तर त्याच्या पिशवीत काय आहे, हेही त्याला माहीत नाही.

अमेरिकेसारखा लष्करी सरप्लस पावडरीचा उघडा बाजार आपल्याकडे नाही. मुदत संपलेला दारूगोळा नष्ट केला जातो, आणि ते काम किती जोखमीचं आहे हे विदर्भाने बघितलंय. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळ सोनेगाव आबाजीच्या शिवारात जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, सहा जण गेले. मोकळं मैदान, ठरलेली जागा, आणि तरीही. तेव्हा भंगारवाल्याकडून किंवा फायरिंग रेंजच्या कडेच्या गावातून पितळेसोबत आलेली पावडर म्हणजे एक तर चोरीचा माल किंवा न फुटलेल्या गोळ्यातून काढलेला. शिवाय गडचिरोली शेजारी आहे. सुटी पावडर सापडलेल्या माणसाकडे पोलीस खेळाडू म्हणून बघतील ही अपेक्षा ठेवू नका. १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा लागायला वेळ लागत नाही.

दुकानात खोकं हातात आल्यावर

परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जा, मूळ लायसन्स सोबत ठेवा. खरेदीची नोंद लायसन्सवर आणि त्याच्या रजिस्टरमध्ये, दोन्हीकडे समोर करून घ्या. बिलावर बोअर, नग आणि लॉट नंबर लिहायला सांगा. काही जण कुरकुर करतात. गोड बोलून लिहून घ्या, नाहीच ऐकलं तर दुसरं दुकान बघा.

मग खोकं उघडून एक काडतूस उजेडात धरा. सेंटरफायर असेल तर बुडावरचे ठसे वाचा: केएफ म्हणजे खडकी, ओएफव्ही म्हणजे वरणगाव, आणि शेजारचे दोन आकडे बनवल्याचं साल. एका खोक्यात दोन वेगळी सालं दिसली तर खोकं परत करा, कुणीतरी सुटे राउंड जमवून भरलेत. पितळ पिवळंधमक असायलाच हवं असं नाही, थोडं काळवंडलेलं चालतं. चालत नाही ते हिरवट पापुद्रे, बुडाशी गंजाची कड, आणि मानेवरची केसासारखी बारीक उभी चीर. ही चीर नख फिरवलं की लागते. गोळी बोटांनी दाबून फिरवून बघा, फिरली किंवा आत सरकली तर ते काडतूस सरळ बाजूला. दोन शेजारशेजार उभी करून उंची बघा. एक ठेंगणं असेल तर गोळी आत दबलेली आहे, आणि दबलेल्या गोळीमागे दाब वाढतो.

जुना देशी साठा स्वस्त मिळत असेल आणि वरचं सगळं नीट असेल तर सरावाला घ्यायला हरकत नाही. स्पर्धेसाठी एकच लॉट हवा. .२२ मध्ये हे फार जाणवतं. ५० मीटरच्या निशाणावर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं आणि लॉट बदलला की तुमचा गट (निशाणावर लागलेल्या गोळ्यांचा पुंजका) सहज तेवढा सरकतो. इली, लापुआ, आरडब्ल्यूएस यांपैकी परदेशी माल संघटनेमार्फत मिळत असेल तर आधी दोन-तीन लॉटची थोडी थोडी खोकी घ्या. टेकू लावून, त्याच दिवशी, त्याच रायफलीतून दहा-दहाचे गट मारा. महागडा खोका तुमच्या नळीला मानवेलच असं नाही, मध्यम किमतीचा लॉट त्याच्यापेक्षा घट्ट गट देताना दिसतो. जो लॉट बसला, त्याची वर्षाच्या मर्यादेत बसतील तेवढी खोकी तेव्हाच अडकवून ठेवा. पुढच्या महिन्यात तो लॉट दुकानात नसतो.

नागपूरचा मे महिना

२०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि ४५ च्या आसपास तर बहुतेक उन्हाळ्यांत जातं. बंद कारमधलं तापमान त्याहून कितीतरी वर जातं. तापलेल्या काडतुसात पावडर जास्त वेगाने जळते, दाब वाढतो, गोळी वर लागते. आणि वर्षानुवर्षं उष्णतेत राहिलेल्या मालातलं स्थिरक लवकर संपतं. रेंजवर जाताना खोकं डिकीत किंवा डॅशबोर्डवर नको, सीटखाली सावलीत, सुती कापडात गुंडाळलेलं. फायरिंग पॉइंटवरही उन्हात मांडून ठेवू नका. नळी तापलेली असताना राउंड चेंबरमध्ये घालून गप्पा मारत बसणारे मी पाहिलेत, त्यांच्या बाजूला उभा राहत नाही.

घरी आतल्या, पश्चिमेची भिंत नसलेल्या खोलीत, कुलपाच्या कपाटात, मूळ खोक्यातच ठेवा. रायफल वेगळ्या कुलपात. गच्चीखालची खोली आणि माळा दोन्ही बाद. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, बस्स.

उडवताना दोन गोष्टी. ट्रिगर ओढला आणि आवाज आला नाही तर बोल्ट लगेच उघडायचा नाही. नळी निशाणाकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा, रेंज अधिकाऱ्याला सांगा. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, धक्का कमी बसला, तर पुढचा राउंड भरूच नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते. रायफल मोकळी करून नळीत आरपार उजेड दिसतो का ते बघा.

ने-आण

काडतुसं कुरिअरने किंवा टपालाने पाठवायची नाहीत. विमानात खेळाची तयार काडतुसं फक्त चेक-इन सामानात, पॅकिंगसह ५ किलोपर्यंत, कंपनीला आधी कळवून आणि कागद दाखवून. सुटी पावडर कोणत्याच प्रकारे नाही. रेल्वेने जाताना लायसन्स, स्पर्धेचं पत्र आणि बिल एकाच पाकिटात, अंगावर.

वाड्यात सापडलेला डबा

हा प्रश्न आपल्याकडे वारंवार येतो. जुनी मालगुजारी घरं, शेतीच्या रक्षणासाठी घेतलेली ठासणीची बंदूक, आजोबांची बारा बोअर, आणि त्यांच्या मागे कपाटात राहिलेला पावडरचा डबा किंवा फुगलेली कागदी काडतुसं. आजोबांचं लायसन्स त्यांच्यासोबत संपलं, म्हणजे हे सगळं आज तुमच्या ताब्यात विनापरवाना आहे. वापरून बघू नका, जाळू नका, फुटाळा तलावात किंवा विहिरीत टाकू नका, कचरागाडीत तर नाहीच. डब्याचं झाकण गंजून बसलं असेल तर फिरवायचं नाही, घर्षणच पुरतं. जागचं हलवू नका, खोलीतली माणसं बाहेर काढा आणि ११२ ला किंवा जवळच्या ठाण्याला कळवा. डबा असेल तर बॉम्बशोधक पथक येतं. काडतुसं आणि बंदूक जमा केल्याची पावती नाव, नग आणि तारखेसह घ्या. वारसाला स्वतःच्या नावावर लायसन्स मागता येतं, तेव्हा अर्जाला हीच पावती जोडायची.